पपईच्या चिकापासून इन्सुलिनपर्यंत

तुमच्या घरी फ्रिजमध्ये इन्सुलिन असतं का? आमच्याकडे आजीचं असतं, लिंबांच्या शेजारी. (फ्रीझरमध्ये ठेवू नका हं, एकदा गोठलं की ते निकामी होतं.) आज ओळख करून घेऊ इन्सुलिन बनवणाऱ्या बंगळुरूच्या किरण मजुमदार-शॉ यांची.

किरण यांना डॉक्टर व्हायचं होतं, ते जमलं नाही. वडील बिअर कंपनीत मुख्य ब्रूमास्टर. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन किरणही ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला तेच शिकायला गेल्या. वर्गात मुलगी एकटीच. १९७५ मध्ये शिक्षण पूर्ण केलं, पण भारतात बाईला ब्रूमास्टर म्हणून कोणी नोकरी देईना. मग १९७८ मध्ये एका आयरिश कंपनीच्या साथीनं त्यांनी भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये 'बायोकॉन' सुरू केली. भांडवल १० हजार रुपये. पहिलं काम काय, तर पपईच्या चिकातून पपेन हे एन्झाइम काढायचं. बँका कर्ज देईनात. पंचवीस वर्षांची मुलगी आणि धंद्याचं नाव बायोटेक्नॉलॉजी! मॅनेजरसाहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणा.

आता तुम्ही म्हणाल, बिअरचा आणि औषधाचा काय संबंध? संबंध यीस्टचा. इडलीचं पीठ रात्रभर फुगतं, ते सूक्ष्मजीवांमुळेच. पूर्वी इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. नंतर माणसाचं जनुक सूक्ष्मजीवात घालून त्याच्याकडूनच ते बनवून घ्यायची युक्ती सापडली. बायोकॉननं त्यासाठी 'पिचिया' नावाचं यीस्ट निवडलं आणि २००४ मध्ये 'इन्सुजेन' बाजारात आणलं. टाकीत यीस्ट सांभाळायचं, तापमान आणि हवा जपायची, हे ब्रूमास्टरला नवं थोडंच होतं!

मला मात्र त्यांची फसलेली गोष्ट जास्त आवडते. इन्सुलिन हे प्रथिन. गिळलं तर पोट ते पचवून टाकतं, म्हणून सुई. बायोकॉननं इन्सुलिनच्या गोळीचा ध्यास घेतला. अशा प्रयोगांना पैसा लागतो, आणि इथे त्यांच्यातली उद्योजक कामाला आली. परदेशी औषध कंपन्यांसाठी संशोधन करणारी 'सिंजीन' त्यांनी आधीच काढली होती. २००७ मध्ये तर एन्झाइमचा धंदाच विकला. ज्यावर कंपनी उभी राहिली, तोच! माझ्यानं नसतं झालं.

२०११ च्या जानेवारीत गोळीच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. खरी गोळी घेणाऱ्यांची साखर उतरली होती, पण नुसतीच दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचीही अपेक्षेपेक्षा जास्त उतरली. फरक सिद्ध झाला नाही. कंपनी शेअर बाजारात होती, त्यामुळे हे जगजाहीर सांगावं लागलं. तरी काम थांबलं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या ब्रिस्टल-मायर्स स्क्विबशी याच गोळीसाठी करार झाला.

ती गोळी अजून दुकानात आलेली नाही. आजी दर महिन्याला औषधवाल्याकडे चौकशी करते.