सातबारा बदलला, जमीन तिथेच आहे

रात्री साडेअकराला एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "सर, डेटाचं व्हॉल्यूम माउंटच होत नाहीये. एफएससीके विचारतोय, ॲबॉर्ट करू का? काय दाबू?"

"वाय दाब. आणि आता कीबोर्डवरचा हात काढ."

२०० जीबीच्या व्हॉल्यूममधली ५० जीबी जागा त्याला दुसरीकडे हवी होती. क्रम त्याने बरोबर पाळला होता: अनमाउंट, तपासणी, रिसाइझ-टू-एफएसने एक्स्ट-फोर फाइलसिस्टिम १५० जीबीवर, मग एलव्हीरिड्यूस. तरीही कर्नलच्या लॉगमध्ये 'बॅड जॉमेट्री' आले होते. फाइलसिस्टिम सांगत होती, मी ३,९३,२१,६०० ब्लॉकांची. खाली जागा होती १,३१,०७,२०० ब्लॉकांची. चार केबीच्या ब्लॉकने गुणा: १५० जीबी आणि ५० जीबी.

अशा वेळी माणसे जे करतात, त्याबद्दल हे संपादकीय आहे. फसलेल्या रिसाइझने डेटा क्वचित जातो. जातो तो नंतरच्या अर्ध्या तासात, दुरुस्तीच्या नावाखाली.

एलव्हीरिड्यूस डिस्कवरचा डेटा पुसत नाही. चार-चार एमबीचे कोणते तुकडे कोणत्या व्हॉल्यूमचे, एवढी नोंद बदलते. सातबाऱ्यावरून १५० जीबी उतरले, पण शेतातले पीक उभेच असते. (एलव्हीएमच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'इश्यू डिस्कार्ड्स' चालू असेल आणि खाली एसएसडी असेल, तर मात्र पीकही गेले. मुळात ते बंद असते. आपल्या सर्व्हरवर कोणी हौसेने चालू केले आहे का, हे आजच पाहा.)

आता एफएससीकेला ॲबॉर्टऐवजी 'नाही' म्हणा, आणि पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला घाईत 'हो' म्हणत जा. ५० जीबीच्या पलीकडचे जे त्याला वाचता येत नाही, ते त्याला सदोष दिसते आणि तो इमानेइतबारे साफ करत सुटतो. दुसरी हमखास चाल म्हणजे ३२७६८ व्या ब्लॉकवरचा राखीव सुपरब्लॉक वापरून पाहणे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मूळ सुपरब्लॉक धडधाकट आहे. त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली आहे.

जुनी फेरफार नोंदवही एलव्हीएम स्वतःच ठेवते, 'ईटीसी'मधल्या एलव्हीएमच्या 'आर्काइव्ह' फोल्डरात. बदलाआधीची फाइल निवडायची, व्हॉल्यूम निष्क्रिय करायचे, व्हीजीसीएफजीरिस्टोअरने ती नोंद परत लावायची, पुन्हा सक्रिय करायचे. मग एफएससीके, तोही फक्त वाचण्यापुरता, 'एन' पर्यायासह. रूट व्हॉल्यूमच गेले असेल तर रेस्क्यू पेनड्राइव्हवरून बूट करा. फिजिकल व्हॉल्यूमच्या पहिल्या एमबीत याच नोंदी साध्या मजकुरात असतात, बऱ्याचदा जुन्याही. डीडीने उचलून वाचता येतात. अट एकच: मोकळ्या झालेल्या जागेवर दरम्यान दुसरे व्हॉल्यूम वाढवलेले नसावे. दुसऱ्याने तिथे घर बांधले, की जुना उतारा काय कामाचा? आणि जागा असेल तर या सगळ्याआधी पूर्ण डिस्कची प्रत काढा. तासभर जातो, जाऊ द्या.

एलव्हीएमच्या अलीकडच्या आवृत्त्या फाइलसिस्टिमपेक्षा लहान आकार मागितला तर मुळातच नकार देतात. हे फार आधी व्हायला हवे होते. जुनी आवृत्ती फक्त ठळक अक्षरांत इशारा देते, की तुमचा डेटा नष्ट होऊ शकतो. कमांड बरोबर असो वा चूक, इशारा तोच. रोज ओरडणाऱ्या रखवालदाराकडे कोण बघतो?

वाचकांना एक विनंती. एक जीबीची रिकामी फाइल लूप डिव्हाइस म्हणून जोडा, तिच्यावर व्हॉल्यूम ग्रुप बनवा, मुद्दाम मोडा आणि परत आणा. दुपारच्या चहाआधी होते. आपल्या धंद्यात रात्री जागून सर्व्हर उठवणाऱ्याचे कौतुक होते. ही तालीम मात्र मी फार थोड्यांना करताना पाहिली आहे.

साडेबाराला सहकाऱ्याचे व्हॉल्यूम पुन्हा २०० जीबीचे झाले, एफएससीके स्वच्छ निघाला, फाइली जागेवर होत्या. पुन्हा कमी करण्याचे काम त्याने त्या रात्री केले नाही. आर्काइव्हच्या फाइलीत वरच्या बाजूला वर्णनाची ओळ असते: अमुक कमांड चालवण्याआधी ही प्रत घेतली. ती त्याने मला फोनवर वाचून दाखवली, आणि मध्येच थांबला. ५०च्या आधी वजा चिन्ह नव्हते.