पावडर चालते, मग काजळ का नाही?

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

एक साधा प्रश्न. पुरुष मेकअप करतात का? हॉस्टेलवर दहा जणांना विचारा. नऊ जण हसतील आणि दहावा म्हणेल, "आपण काय नाच्या आहोत का?" पण त्याच दहा जणांच्या कपाटात डोकावून बघा. टाल्कम पावडर, हेअर जेल, फेसवॉश आणि तळाशी लपवलेली गोरं करणारी क्रीम! लग्नसराईत उमरग्यातल्या सलूनमध्ये जा. नवरदेव ब्लीच करून घेतोय आणि शेजारच्या खुर्चीत त्याचे काका मिशीला कलप लावून बसलेत. ही रंगरंगोटीच की! फक्त तिला 'मेकअप' म्हणायचं नाही, एवढाच नियम.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. पण "हे सगळं इंग्रजी फॅड आहे" असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. आपल्याकडे मुलगा जन्मला की आधी डोळ्यांत काजळ, गालावर तीट. लग्नात अंगभर हळद. आपल्या भागात दारावर येणाऱ्या पोतराजाचं कपाळ हळदीकुंकवाने भरलेलं असतं, कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा असतो, आणि आया-बाया त्याला हात जोडतात. त्याला कुणी 'बायल्या' म्हणत नाही.

आणि बालगंधर्व? नारायण श्रीपाद राजहंस, जन्म 1888. 1911 च्या 'मानापमान' मध्ये भामिनी झाले, 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्या साड्या नेसायच्या, केसांच्या पद्धतीच्या नकला घरंदाज बायका करायच्या. 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. रंग लावलेल्या पुरुषाला महाराष्ट्राने असं डोक्यावर घेतलंय.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गणपत पाटलांनी मराठी तमाशापटांत नाच्याची भूमिका अजरामर केली. पडद्यावर टाळ्या मिळाल्या, पण त्यांना बायको-मुलं असूनही लोक त्यांच्याबद्दल नाही नाही ते बोलले. 2008 मध्ये ते गेले. 2010 च्या 'नटरंग' सिनेमातल्या गुणाचं दुःखही हेच. म्हणजे रंगमंचावर रंग चालतो, खाली उतरला की टिंगल. आपल्या गॅदरिंगला काय होतं? नऊवारी नेसून लावणी करणाऱ्या मुलाला वन्समोअर, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांत थोडं काजळ राहिलं तर मेसमध्ये शिट्ट्या!

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला? कारण या लाजेपायी खरंच नुकसान होतंय. भारतात पुरुषांसाठीची गोरेपणाची क्रीम 2005 मध्ये आली. तिच्या जाहिरातीतला मुलगा बायकांची क्रीम चोरून लावायचा! चोरूनच, कारण उघडपणे लावायची लाज. आज मुरुमांचे डाग पडलेला मुलगा काय करतो? पाच मिनिटांत डाग झाकणारं आणि रात्री धुऊन टाकता येणारं कन्सीलर लावायची त्याला लाज वाटते. मग मित्राने सांगितलेली ट्यूब तो मेडिकलमधून गुपचूप आणतो. अशा कितीतरी ट्यूबांत बीटामेथासोन, मोमेटासोनसारखी स्टिरॉइड्स असतात. आठवडाभर चेहरा उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, उन्हात जळजळते, मुरूम दुपटीने येतात, आणि ट्यूब बंद केली की आणखी भडका उडतो. 2018 मध्ये सरकारने अशी क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. पण चोरून लावणारा डॉक्टरकडे जाणार कसा? तिथे तर तोंड दाखवावं लागतं!

कोड असलेल्या मुलाचा विचार करा. कोड संसर्गजन्य नाही, हे पुस्तकात सगळे वाचतात. तरी इंटरव्ह्यूला जाताना त्याला डाग झाकावेसे वाटले, तर तो त्याचा प्रश्न आहे. झाकले नाहीत तरी त्याचाच प्रश्न. आपण काय करायचं? गप्प बसायचं! निम्मी मदत तीच.

उरलेली निम्मी अशी. रूममेटने काही लावलं तर "काय रे, आज पोरगी बघायला येणार का?" हे बंद. 'बायल्या' ही शिवी बंद; त्या शब्दात आपल्या आई-बहिणींचाही अपमान आहे. ज्याला लावायचंय त्याने शेड स्वतःच्या रंगाची घ्यावी, दोन नंबर गोरी नको. आधी कानामागे थोडं लावून एक दिवस थांबावं. काजळ दुसऱ्याचं वापरू नये, डोळे येतात. झोपताना चेहरा धुवावा. स्टिरॉइडची ट्यूब आधीच सुरू असेल तर आपल्या मनाने काही करू नये, सरळ त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावी. आणि रेक्टर सरांना विनंती, रॅगिंगविरोधी नियम वाचून दाखवताना या चिडवण्याचाही उल्लेख करा.

सगळ्यांनी लिपस्टिक लावून लेक्चरला बसावं, असं मी म्हणत नाही. मला स्वतःला पावडरसुद्धा आवडत नाही, घामात तिच्या रेघोट्या होतात. पण आपल्याला नको म्हणून दुसऱ्याने लपून जगावं, हा कुठला न्याय? वर्कशॉपमध्ये आपण लोखंडाला गंज चढू नये म्हणून प्रायमर मारतो, वर रंग देतो. तेव्हा कुणी लोखंडाला विचारत नाही, "तू पुरुष आहेस ना?" मग माणसालाच का विचारायचं?

बघा, पटतंय का!