राजीनामा लिहिण्याआधी

अंकुशनगर हे साखर कारखान्याभोवती वसलेले गाव. गळीत हंगाम सुरू झाला की काम पाळ्यांमध्ये चालते आणि घरातला कमावता माणूस कधी झोपतो, कधी उठतो याचा मेळ लागत नाही. आपल्या वस्त्यांतली शिकलेली मुले-मुली आता जालन्याच्या सळई कारखान्यांत, खासगी दवाखान्यांत, फायनान्सच्या वसुलीवर, पुण्याच्या कंपन्यांत नोकरीला आहेत. त्यांच्याकडून आम्हाला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: ही नोकरी सोडून परदेशी जाऊ का? कुणाला शिकायला जायचे असते, कुणाला आखातात कामाला, तर कुणाला काही महिने नुसते जग बघायचे असते. घरातले मोठे एका वाक्यात विषय मिटवतात: "लागलेली नोकरी सोडते का कुणी?"

आम्हाला हा विषय इतक्या लवकर मिटवण्यासारखा वाटत नाही. आरोग्याच्या पानावर तो घेतला, कारण त्याची सुरुवात पुष्कळदा शरीरातूनच होते. झोप उडते, पित्त वाढते, डोके दुखते, रक्तदाब चढतो, घरी आल्यावर लेकरांवर राग निघतो, आणि काहींचा हात बाटलीकडे जातो. ही आळसाची लक्षणे नव्हेत. आपल्या माणसांच्या ताणात कामाच्या ओझ्याबरोबर आणखी एक गोष्ट असते. आडनाव विचारणे, डबा वेगळा खाणे, "कोट्यातून आलेला" म्हणून हसणे. ते पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही, पण शरीर त्याची नोंद ठेवते.

बाबासाहेबांनी हे सगळे सोसले. १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत शिपाई त्यांच्याकडे फायली लांबून टाकत. राहायला जागा मिळेना, आणि ती नोकरी त्यांना सोडावी लागली. लंडनचे शिक्षण तर अर्धेच राहिले होते. पण पुन्हा बोटीत बसायची घाई त्यांनी केली नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेही त्यांनी प्राध्यापकांच्या भांड्यातले पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. तरीही त्यांनी पैसा साठवला. मार्च १९२० मध्ये ती नोकरी सोडली आणि साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर त्याच वर्षी ते लंडनला गेले. इकडे रमाईंनी ओढगस्तीत घर चालवले. लंडनमध्ये ते ज्या घरात राहिले, ते आज स्मारक आहे.

लोक यातून "बाबासाहेबांनीही नोकरी सोडली" एवढेच उचलतात. आम्हाला मधली दीड वर्षे महत्त्वाची वाटतात. अपमान सहन होत नव्हता म्हणून ते गेले असे नव्हे. काय करायला जायचे ते ठरले होते, पैशाची सोय झाली होती, तेव्हा ते गेले.

म्हणून आमचे मत असे. नोकरी शरीर खात असेल तर ती सोडणे हा भित्रेपणा नाही. पण संतापाच्या भरात राजीनामा लिहू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. मन फारच खचले असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते. उदासीनतेचा आजार असेल तर तो विमानात आपल्याबरोबरच बसतो. त्याला आधी औषध लागते. रजा शिल्लक असेल तर ती घ्या. पंधरा दिवसांच्या विश्रांतीने झोप परत आली, तर दुखणे कामाच्या पद्धतीत आहे असे समजा आणि पाळी किंवा विभाग बदलून मागा. जातीवरून छळ होत असेल तर नोकरी सोडण्याआधी लेखी तक्रार करा. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आपल्यासाठीच आहे.

एवढे करूनही जायचे ठरले, तर घराला विचारा. विचारणे म्हणजे सांगणे नव्हे. बायकोने, आईने हिशेब मांडू द्या. किमान सहा महिन्यांचा किराणा, शाळेची फी आणि म्हाताऱ्यांची औषधे यांचे पैसे वेगळे ठेवा. सावकाराकडून पैसे काढून तिकीट काढू नका. तो ताण नोकरीच्या ताणाहून वाईट.

आखातात कामाला जाणाऱ्यांनी दलालाकडे भारत सरकारचा परवाना आहे का ते पाहावे आणि टुरिस्ट व्हिसावर कामाला जाऊ नये. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतो, त्यांना सरकारी मंजुरी लागते. व्हिसाआधी वैद्यकीय तपासणी होते. छातीच्या एक्स-रेत जुन्या क्षयाचा डाग दिसला तरी माणूस नापास होऊ शकतो. तपासणीचा निकाल हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. शिकायला जाणाऱ्यांनी समाजकल्याण खात्याकडे राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची चौकशी करावी. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे.

आणि ज्यांना फक्त जग बघायचे आहे? "आपल्याला कसले आलेत हे चोचले" असे त्यांना हिणवू नका. आपल्या आजा-पणजांना गावाचा पाणवठासुद्धा मोकळा नव्हता. त्यांच्या नातीने स्वतःच्या कमाईतून, कुणाचे देणे न ठेवता समुद्र ओलांडला, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त परत आल्यावर कुठे काम मिळेल, याची चार ठिकाणी चौकशी तिने निघण्याआधी करून ठेवावी.