बचतीचे गणित आणि बॉयलरपुढचा माणूस

गेल्या पावसाळ्यात आपल्या संघटनेतील एक तरुण कार्यकर्ता माझ्याकडे शिकवणीला येत असे. अभियांत्रिकीची पदविका आणि कापड-प्रक्रियेच्या कारखान्यात सहा वर्षांहून अधिक नोकरी, एवढ्या भांडवलावर तो ऊर्जा व्यवस्थापकाच्या राष्ट्रीय प्रमाणन परीक्षेला बसणार होता. बॉयलर आणि मोटारी त्याला मुखोद्गत होत्या. अडले होते ते वित्तीय व्यवस्थापनाच्या प्रकरणापाशी. त्या निमित्ताने निवृत्तीनंतर प्रथमच मी एखादा अभ्यासक्रम बारकाईने वाचला.

2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने प्रचंड ऊर्जा वापरणाऱ्या उद्योगांवर प्रमाणित व्यवस्थापक नेमण्याचे बंधन घातले. 2002 साली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि 2004 साली पहिली परीक्षा झाली. तिची रचना अशी: पहिला पेपर व्यवस्थापनाच्या सामान्य तत्त्वांचा, दुसरा वाफ, भट्ट्या, बॉयलर यांचा, तिसरा विजेवरील यंत्रणांचा; प्रत्येकी 150 गुण. प्रत्येकात निम्मे गुण मिळवावेच लागतात, एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. ज्याला ऊर्जा लेखापरीक्षक व्हायचे आहे त्याला 100 गुणांचा चौथा पेपर असतो, तो पुस्तक उघडे ठेवून सोडवायचा. घोकंपट्टीच्या या देशात ही गोष्ट मला मनापासून आवडली. चाळीस वर्षांच्या अध्यापनात विद्यापीठाकडून मला एवढे मान्य करून घेता आले नाही!

परंतु ही परीक्षा लेखी आहे. गळकी वाफ, कॉम्प्रेस्ड हवेची गळती, कमी भाराने फिरणारी मोटार यांची गणिते उत्तरपत्रिकेत सुटतात. प्रत्यक्ष यंत्रापुढे उभे करून उमेदवाराला कोणी विचारीत नाही. आणि प्रवेशाचे दार पदवी-पदविकेवाल्यांनाच उघडे आहे. धुराचा रंग पाहून भट्टीत हवा कमी पडते आहे हे ओळखणारा, वीस वर्षे बॉयलरवर काढलेला कामगार तेथे उमेदवारच होऊ शकत नाही. त्याला गणित येत नसेल तर ते शिकवता येईल. त्याच्या हाताला जे कळते ते व्यवस्थापकाला कोण शिकवणार?

आता त्या वित्तीय प्रकरणाकडे येतो. दहा लाखांची गुंतवणूक, वर्षाला चार लाखांची बचत, म्हणजे अडीच वर्षांत पैसे वसूल. हिशेब बिनचूक आहे. माझ्या विद्यार्थ्याने मात्र विचारले, "सर, ही बचत कोणाची?" यंत्र बदलल्यावर पाळीतला एक माणूस कमी झाला, तर त्याची मजुरी या उदाहरणात बचतीच्या बाजूला जाते. त्याच्या घरच्या नुकसानीला त्यात रकानाच नाही. अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मीही वर्षानुवर्षे फळ्यावर हेच गणित मांडले, हे कबूल केले पाहिजे.

याहून गंभीर दोष परीक्षेच्या पलीकडे आहे. 2012 पासूनच्या योजनेत ठरल्यापेक्षा अधिक बचत करणाऱ्या उद्योगाला विक्रीयोग्य प्रमाणपत्रे मिळू लागली. 2022 च्या दुरुस्तीने कार्बन-पत व्यापाराची तरतूद केली. म्हणजे लेखापरीक्षकाच्या आकड्याला आता बाजारभाव आहे. आणि त्या लेखापरीक्षकाची निवड व मानधन तपासणी होणाऱ्या कारखान्याच्याच हाती! उत्तरपत्रिका कितीही कडक तपासा, या संबंधात प्रामाणिक माणसाचीही कुचंबणा होते.

आपल्या कामगार संघटना अजून या विषयाला साहेबांचा विषय समजतात. ही उदासीनता सोडून निश्चित मागण्या केल्या पाहिजेत. परीक्षेला प्रात्यक्षिकाची जोड द्या आणि अनुभवी बॉयलर अटेंडंटला पूर्वतयारीचा वर्ग देऊन बसू द्या. कायद्यात राज्य ऊर्जा संवर्धन निधीची तरतूद आहेच. लेखापरीक्षकाचे मानधन उद्योगांकडून वसूल करून त्या निधीमार्फत द्या, नेमणूक महाऊर्जाने करावी. आणि अहवालाची एक प्रत, मराठीत, कारखान्यातील कामगार प्रतिनिधींच्या हाती पडली पाहिजे. शेवटच्या मागणीसाठी कायदा बदलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. पुढच्या वेतनकराराच्या मसुद्यात ती घालता येईल.