परिपत्रक आणि रात्रपाळी

वृद्धाश्रमांसंबंधी आपल्याकडे सूचना पुष्कळ निघतात. केंद्राकडून राज्यास, राज्याकडून जिल्ह्यास आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयातून संस्थेच्या व्यवस्थापकास असा त्यांचा प्रवास असतो, आणि व्यवस्थापकाच्या फायलीत तो संपतो. ज्या व्यक्तीच्या हातून वृद्धाची सेवा प्रत्यक्ष घडते, तिच्यापर्यंत त्यातील ओळही सहसा पोहोचत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा न झालेला शेवटचा टप्पा आहे. (येथील मते अर्थातच माझी आहेत, शासनाची नव्हेत.)

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांस हा विषय परका नाही. आपण दिल्ली, बंगळुरू वा न्यू जर्सीत आणि आई-वडील पुण्या-नाशिकच्या एखाद्या वृद्धाश्रमात, ही व्यवस्था अनेक घरांनी, बहुधा जड मनाने, पत्करली आहे. ती योग्य की अयोग्य या वादात मला शिरावयाचे नाही. त्यावर आपल्या नाटक-सिनेमांनी पुरेसे अश्रू ढाळले आहेत. प्रश्न एवढाच, की तेथे रात्री दोन वाजता काय घडते आणि ते नीट घडावे यासाठी कोणी कोणास काय शिकविले आहे.

प्रथम कायदा पाहू. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासंबंधीचा २००७ चा कायदा कलम १९ मध्ये म्हणतो, की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम स्थापन करू शकेल, आणि त्याच्या व्यवस्थापनाचे मानक ठरवू शकेल. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतील अंतर किती मोठे, हे प्रशासनातील माणसास सांगावे लागत नाही. खाजगी वृद्धाश्रमांच्या नोंदणीची सक्ती तर त्या मूळ कायद्यात नाहीच. उलट, बालगृह नोंदणीवाचून चालविणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे. बालकाइतक्याच असहाय असलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाबाबत मात्र कायदा मौन पाळतो. काही राज्यांनी आपल्या नियमांत ही उणीव भरण्याचा प्रयत्न केला. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात नोंदणी आणि किमान मानके दोन्ही होती. स्थायी समितीने ते तपासले, आणि २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर ते व्यपगत झाले. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोकसंख्या सुमारे १०.३८ कोटी होती. ती त्यानंतर थांबून राहिलेली नाही.

काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका अनुदानित वृद्धाश्रमाच्या पाहणीस गेलो होतो. कागदपत्रे निर्दोष होती. हजेरीपट, साठा नोंदवही, उपयोगिता प्रमाणपत्र, सारे जागच्या जागी. सूचनांची फाईल इंग्रजीत, काही पाने हिंदीत. रात्रपाळीची बाई झारखंडच्या एका खेड्यातली. हिंदी बोलायची, पण वाचता येत नव्हते. बोलता बोलता तिने सांगितले, की कोपऱ्यातल्या खाटेवरील बाबूजी कालपासून आपल्या मेलेल्या भावाशी बोलत आहेत, पाणीही घेत नाहीत. व्यवस्थापक हसून म्हणाले, वय झाले, असे चालायचेच. वस्तुतः म्हाताऱ्या माणसाची बुद्धी अशी एकाएकी भ्रमिष्ट होणे हे पुष्कळदा आजाराचे पहिले लक्षण असते. लघवीतला संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, एखाद्या नव्या औषधाचा परिणाम, काहीही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर बोलवावा लागतो. जे व्यवस्थापकास दिसले नाही ते तिला दिसले होते. परंतु ते लिहिण्यासाठी नोंदवहीत रकाना नव्हता, आणि असता तरी ती लिहू शकली नसती. (डॉक्टर त्या दुपारी आले, मी बसून होतो, हे कारण असावे.)

आता थोडे अंकगणित. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ते टाळता येत नाही. एका वेळी एक माणूस सदैव हजर ठेवावयाचा तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. एका कर्मचाऱ्याचे कायदेशीर तास ४८. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसे, रजा-आजारपण धरून चार. २५ वृद्धांच्या आश्रमात दहा जण अंथरुणाला खिळलेले असतील, तर दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, अन्यथा पाठीला-कमरेला व्रण होतात. हे काम दोघांचे. एकट्या बाईने सत्तर किलोचा देह वळविला तर त्याची कातडी सोलते आणि तिची पाठ जाते. प्रत्येकी पाच मिनिटे धरली तरी दर दोन तासांतील पन्नास मिनिटे दोघे केवळ यातच गुंततात. म्हणजे दोन माणसे अहोरात्र, अर्थात आठ जणांचा पगार. जेथे हजेरीपटावर एकूण दोनच मदतनीस दिसतात तेथे, एका वेळी एकच हजर असली तरी, प्रत्येकीचा आठवडा ८४ तासांचा होतो. तिला ‘रुग्णाशी सौजन्याने वागावे’ ही सूचना देणे म्हणजे शासनाने स्वतःचीच थट्टा करणे आहे.

बाजार हे दुरुस्त करील, असे कोणी म्हणेल. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले, की ज्या मालाची प्रत ग्राहकास पारखता येत नाही त्याच्या बाजारात चांगला माल टिकत नाही. वृद्धाश्रमात अडचण दुहेरी आहे: पैसे देणारा मुलगा तेथे राहत नाही आणि राहणाऱ्या आईला तक्रार करण्याचे बळ किंवा इच्छा उरलेली नसते. मुलगा पाहतो ती बाग, फरशी, देवघर. मग संस्थाही खर्च बागेवर करते, रात्रपाळीवर नव्हे. यात दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. जे दिसते तेच विकले जाते.

नियामक असला की सारे सुरळीत होते, असेही नाही. इंग्लंडमध्ये २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन आहे. ते संस्थांना श्रेणी देते आणि ती श्रेणी संस्थेस जाहीरपणे लावावी लागते. तरीही मार्च २०२० मध्ये रुग्णालये रिकामी करण्याच्या घाईत वृद्धांना कोरोना-चाचणीविना वृद्धाश्रमांत धाडले गेले. चाचणीची अट एप्रिलच्या मध्यास आली. ज्यांच्यात लक्षणे नाहीत त्यांच्यापासूनही संसर्ग होऊ शकतो, हा धोका धोरणात लक्षात घेतला गेला नाही, असे सांगून तेथील उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ते धोरण बेकायदेशीर ठरविले. चुकीचे मार्गदर्शन किती महाग पडते याचे हे उदाहरण आहे, पण त्यात आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे: कोणत्या तारखेला कोणती सूचना गेली, हे तेथे न्यायालयापुढे सिद्ध करता आले. आपल्याकडे ते कितपत जमेल, याची मला शंका आहे.

म्हणून माझ्या मते पुढच्या कायद्यात नोंदणीबरोबर दोन साध्या गोष्टी हव्यात. पहिली, रात्री हजर असणाऱ्यांची संख्या आणि खाटांची संख्या दर्शनी फलकावर. दुसरी, सेविकेच्या भाषेत, चित्रांसह, एका पानाची सूचना, आणि ती वाचून नव्हे तर करून दाखवून शिकविणे: भरविताना पाठ ताठ, घास लहान, जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये, कूस किती वाजता बदलली, शौचालयाच्या वाटेवर रात्री दिवा, कालपेक्षा आज काही वेगळे दिसले तर कोणास सांगावे. सांगण्यासाठी फोन नंबर, आणि सांगितल्याबद्दल बोलणी खावी लागणार नाहीत असे आश्वासन.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर ज्या वाचकांचे आप्त अशा संस्थेत आहेत त्यांनी पुढच्या फोनवर जेवणाची चौकशी करून झाली, की आज रात्रपाळीस कोण आहे, ते नाव विचारावे; आणि जमल्यास त्या बाईंशीच दोन मिनिटे बोलावे.