त्वचेवरची गाठ आणि उष्णतेचे चित्र

‘त्वचेचा कर्करोग आता कॅमेऱ्याने कळतो म्हणे. मग गाठीचा तुकडा कशाला काढायचा?’ असे अलीकडे मला दवाखान्यात वारंवार विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, म्हणून या आठवड्यात त्याविषयीच लिहितो.

आपल्या शरीरातून उष्णतेचे किरण सतत बाहेर पडत असतात. हे अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने ते १८०० साली शोधले. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत दुकानाच्या दारात कपाळासमोर पिस्तुलासारखे यंत्र धरून ताप मोजत, ते याच किरणांवर चाले. थर्मल कॅमेरा हेच मोजमाप हजारो बिंदूंवर एकदम करतो आणि त्याचे रंगीत चित्र दाखवतो. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात, त्यांच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यामुळे ती जागा किंचित गरम असू शकते. स्तनाच्या कर्करोगाबाबत कॅनडातील डॉ. रे लॉसन यांनी १९५६ सालीच हे मांडले होते.

त्वचेसाठी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सिला हर्मन यांच्या गटाने २०१० च्या सुमारास एक नामी युक्ती केली. संशयास्पद तीळ व भोवतालची कातडी थोडा वेळ गार करायची आणि पुन्हा ऊब कशी येते ते कॅमेऱ्याने टिपायचे. मेलॅनोमा हा घातक कर्करोग असेल तर ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा लवकर तापते, असे त्यांना आढळले. कल्पना मला मनापासून आवडली. असे संशोधन व्हायलाच हवे.

पण कॅमेरा दाखवतो ती उष्णता, कर्करोग नव्हे. पिकलेले गळू गरम, खाजवून लाल झालेला तीळही गरम. उलट एखाद्या सावकाश वाढणाऱ्या गाठीत फरक इतका थोडा असतो की चित्रात तो उमटतही नाही. थर्मोग्राफी ही मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली स्पष्ट बजावले. म्हणूनच शिबिरात रंगीत चित्र हातात देऊन ‘काळजी नको’ सांगण्याचा प्रकार मला धोक्याचा वाटतो. अशा चित्राच्या भरवशावर माणूस सहा महिने घरी बसतो, आणि तेच सहा महिने मोलाचे असतात.

आपल्याकडचे दुखणे तर अधिकच वेगळे आहे. सावळ्या कातडीत मेलॅनोमा कमी. झालाच तर बहुधा तळपायावर किंवा नखाखाली, जिथे आपण बघतच नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली कमरेवर धोतराच्या काचाने होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी कमरेच्या अशाच जखमांच्या दोन स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांतली एक वर्षानुवर्षे घट्ट लुगडे नेसणारी होती. परकराच्या नाडीने काळा वळ पडतो, कातडी सोलते, जखम होते आणि बायका त्यावर हळद दाबून कामाला लागतात. (नाडी सैल बांधा, रुंद पट्टा वापरा, हा सल्ला फुकटचा असल्यामुळे कोणी मनावर घेत नाही!) भाजल्याच्या जुन्या व्रणावरही असा कर्करोग उद्भवतो.

तेव्हा महिनाभरात न भरणारी जखम, रंग वा आकार बदलणारा तीळ, वारंवार रक्त येणारी चामखीळ, नखाखाली रुंदावत जाणारी काळी रेघ, यांपैकी काही असेल तर कॅमेऱ्याची वाट पाहू नये. त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जन यांना दाखवावे.

राहिली तुकड्याची भीती. ‘सुरी लागली की कर्करोग पसरतो’ हा समज आपल्या भागात फार खोलवर रुजला आहे. त्वचेच्या तपासणीबाबत तो निराधार आहे. जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात, एखाददुसरा टाका पडतो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. बाटलीवर नाव नीट लिहिले आहे ना, एवढे मात्र नातेवाइकांनी स्वतः पाहून घ्यावे, आणि अहवाल आला की तो घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे.