मोटारीच्या दिव्यांचा स्विच बदलताना

रात्रीच्या प्रवासात, मुलेबाळे मागील आसनावर झोपी गेलेली असताना, मोटारीचे पुढील दोन्ही दिवे एकाएकी विझावेत, हा प्रसंग मोठा बिकट. चालक चाचपडत स्टिअरिंगजवळची दांडी मागेपुढे करतो, दिवे पुन्हा लागतात, आणि ‘कोठेतरी तार ढिली असेल’ अशी मनाची समजूत घालून मंडळी मार्गस्थ होतात. वाचकहो, ही समजूत धोक्याची आहे. दांडी हलविल्याने जो दिवा लागतो, त्याचा दोष बहुधा त्या दांडीच्या मुळाशी असलेल्या स्विचमध्येच असतो; आणि असा स्विच पुढच्या खेपेस साथ देईल याची शाश्वती नाही.

उदाहरणासाठी आपण मारुती ८०० घेऊ. ही मोटार डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तथापि ती अजूनही पुष्कळ घरांत नांदते आहे. खाजगी मोटारीची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे जेथे नूतनीकरण मिळते, तेथे तपासणीच्या वेळी दिवे पाहिले जातातच. या मोटारीत दिव्यांची व दिशादर्शकाची दांडी स्टिअरिंगच्या उजव्या बाजूस असते. तिचे टोक फिरविले की दिवे लागतात. गॅरेजमध्ये या सबंध भागास कॉम्बिनेशन स्विच म्हणतात.

प्रथम दोष निश्चित करावा. एकच दिवा बंद असेल तर स्विचला दोष देऊ नये. तो बल्ब, त्याचा फ्यूज किंवा त्याचे अर्थिंग पाहावे. दोन्ही दिवे गेले असतील तरीही आधी फ्यूज आणि बल्ब तपासणे शहाणपणाचे. मात्र दांडीला हात लागताच दिवे लुकलुकतात, आवरण गरम लागते, किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास येतो, तर मग शंकेस जागा उरत नाही. तेव्हा प्रवास थांबवावा. या वासाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे आगीला आमंत्रण.

आता प्रत्यक्ष काम. पुढील चाके सरळ ठेवून मोटार उभी करावी आणि बॅटरीची ऋण तार सर्वप्रथम सोडवावी. आधी धन तार सोडवू लागलात आणि पाना मोटारीच्या सांगाड्यास टेकला, तर मोठी ठिणगी उडते. त्यानंतर स्टिअरिंगवरील हॉर्नचे झाकण काढले की मधला नट दिसतो. चाक आणि दांडा यांवर रंगाची एकच सरळ खूण करावी, म्हणजे परत बसविताना चाक वाकडे बसत नाही. नट सैल करावा, परंतु पूर्ण काढू नये. दोन-चार आटे राखून मग चाक ओढावे. नाहीतर जोर लावताना ते अकस्मात सुटून थेट तोंडावर येते! चाक हलत नसेल तर पुलर आणावा. हातोडीने दांडा ठोकणारे कारागीर आपण पाहिले असतील. त्यांचे अनुकरण करू नये, कारण त्याने आटे आणि बेअरिंग दोन्ही बिघडतात.

चाक निघाल्यावर खालच्या बाजूचे स्क्रू काढून प्लास्टिकचे आवरण अलग करावे. कपलर ओढताना तार धरू नये. खटका दाबून कपलरच धरावा. मग स्विचचे स्क्रू काढले की तो बाहेर येतो. नवा स्विच जुन्याशेजारी ठेवून पिनांची संख्या व क्रम ताडून पाहावा. निरनिराळ्या वर्षांचे स्विच दिसायला जुळ्या भावांसारखे असले तरी त्यांची जोडणी एकच असेल असे नाही. कपलर करपलेला असल्यास तोही बदलावा. करपलेल्या कपलरात नवा स्विच खोचणे व्यर्थ आहे.

येथे एक इशारा. ज्या मोटारीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तिला घरी हात लावू नये. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आहे, आणि त्याआधीच्या कित्येक मोटारींतही ती आहे. ती चुकून उघडली तर गंभीर इजा होते. तेथे जाणकार कारागीरच हवा.

परंतु स्विच जळला का? हा प्रश्न बहुतेक जण विचारीतच नाहीत, आणि म्हणून वर्षभरात दुसरा स्विच विकत घेतात. नेहमीचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. १२ व्होल्टवर असे दोन बल्ब ‘अपर’ला सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. अधिक उजेडाच्या हौसेने १००/९० वॅटचे बल्ब बसविले की तोच प्रवाह सुमारे १६.७ अँपिअर होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने स्विचच्या स्पर्शबिंदूंवरील ताप जवळजवळ पावणेतीन पट होतो. बिचारा स्विच वितळतो. शिवाय समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

यावर उपाय रिलेचा. रिले लावला म्हणजे स्विचने केवळ एक लहानसा इशारा द्यावयाचा. दिव्यांचा भारी प्रवाह बॅटरीपासून जाड तारेने, रिलेमधून परभारे जातो. ‘अपर’ आणि ‘डिपर’ यांस प्रत्येकी एक रिले, आणि बॅटरीलगत फ्यूज, हे आवश्यक आहे. कोणती तार कोठे जोडावयाची हे त्या मोटारीच्या मूळ जोडणीवर अवलंबून असल्याने, हे एवढे काम विद्युत कारागिराकडून करून घ्यावे. बल्ब मात्र मूळ मापाचेच ठेवावेत.

आवरण बंद करण्यापूर्वी बॅटरी तात्पुरती जोडून लहान दिवे, डिपर, अपर, दिशादर्शक आणि हॉर्न एकेक करून पाहावे, आणि तार पुन्हा सोडवून मगच चाक बसवावे. नट सर्व्हिस पुस्तिकेत सांगितलेल्या ताणानेच आवळावा. वळण घेतल्यावर दिशादर्शक आपोआप बंद होतो की नाही, हेही पाहावे. पहिल्या रात्री अर्धा तास दिवे लावून मोटार चालवावी आणि मग दांडीच्या मुळाशी हात लावावा. तेथे ऊब जाणवली तर कपलर पुन्हा उघडून पाहावा.